ओपनकॉर: हृदयाची एक पेशी लॅपटॉपवर चालवून बघायची असेल तर

फिजिओलॉजी शिकवते मी, सांगलीकडे, सतरा वर्षं झाली. आजवर शिकवण्यासाठी जेवढी म्हणून सॉफ्टवेअरं हाताखालून गेली त्यात ओपनकॉरइतकं मनापासून "हे वापराच" असं सांगावं असं दुसरं काही मिळालं नाही. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि त्यात माणसाच्या हृदयाची एक पेशी, फक्त एक, तुम्ही चालवून बघू शकता. चालवून म्हणजे आधीच काढून ठेवलेला व्हिडिओ नाही हं, आत समीकरणं खरोखर सुटतात, तुम्ही एक आकडा बदलला की पुढचा ठोका बदलतो. डॉक्टर, फार्मसीवाले, बायोमेडिकल इंजिनिअरिंगची मुलं, एमएस्सीवाले, बारावीला बायोलॉजी शिकवणारे, सगळ्यांसाठी लिहितेय, त्यामुळे जरा लांबेल.

आधी हे सांगते की मला याची एवढी गरज का वाटली. आमच्या वेळी फर्स्ट इयरला बेडकाच्या हृदयाचं प्रॅक्टिकल असायचं. काजळी धरलेला कागद ड्रमवर गुंडाळायचा, हृदयाच्या टोकाला पिन अडकवून दोरा लीव्हरला बांधायचा, ड्रम फिरू लागला की काळ्यावर पांढरी रेघ उमटायची. मग ड्रॉपरने एकेक द्रावण टाकायचं. ॲड्रिनलिन टाकलं की जोरात, ॲसिटिलकोलिन टाकलं की हळू, आणि पोटॅशियम क्लोराईड टाकलं की हृदय सैल पडून थांबायचं. कॅल्शियम जास्त झालं तर उलट, आवळून थांबायचं. जर्नलमध्ये आम्ही एक ओळ लिहायचो, "पोटॅशियममुळे हृदय डायस्टोलमध्ये थांबतं", सर सही करायचे, झालं. का थांबतं हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आता ती प्रॅक्टिकलं गेली, आणि बेडकांच्या दृष्टीने बरंच झालं, पण त्यांच्या जागी जे आलं ते बहुतेक ठिकाणी नुसतं बघायचं आहे. आमच्याकडेही मधे एका कंपनीचं चांगलं महागाचं पॅकेज घेतलं होतं. सुंदर चित्रं, बटण दाबलं की रेघ वर जाते खाली येते, पण पोटॅशियम थोडं जास्त टाकलं आणि भरपूर टाकलं तरी रेघ तीच! एका मुलीने ते पकडलं आणि मला वर्गात विचारलं, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं कारण घरातलं. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, तीन वर्षं डायलिसिसवर होते. एकदा गणपतीत लोक भेटायला आले, आजारी माणसाकडे जाताना आपण काय नेतो, शहाळं. सगळ्यांनी प्रेमानेच आणलं आणि अण्णांनीही प्रेमाने प्यायलं, दोन दिवसांत चार-पाच. त्यात पावसामुळे रस्ता बंद म्हणून एक डायलिसिस पुढे गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय लटलटायला लागले म्हणून नेलं तर रक्तातलं पोटॅशियम ७.८, म्हणजे जीवघेणं वाढलेलं; शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि अशा आजाऱ्याच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. ईसीजीवर टी लहरी (ठोक्यानंतर पेशी पूर्ववत होतानाची लाट) तंबूसारख्या उभ्या, क्यूआरएस (ठोका हृदयाच्या खालच्या कप्प्यांत पसरतानाची टोकदार खूण) रुंद. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आधी कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, आणि मग मशीनवर घेतलं. वाचले अण्णा तेव्हा. मी शेजारी उभी होते, मला सगळ्याची नावं येत होती, इन्सुलिनने पोटॅशियम पेशीत ढकललं जातं हेही येत होतं, पण ७.८ ने पेशीत नक्की काय होतंय हे डोळ्यापुढे येत नव्हतं, आणि ज्या गोष्टीवर मी दरवर्षी परीक्षेत प्रश्न काढते ती मला दिसत नाहीये ही टोचणी मनात राहिली ती राहिलीच.

तर ओपनकॉर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड युनिव्हर्सिटीच्या बायोइंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या परिवारातलं हे सॉफ्टवेअर आहे, जिथून पीटर हंटर यांच्या पुढाकाराने फिजिओम प्रोजेक्ट चालतो, म्हणजे शरीराचं गणिती मॉडेल पेशीपासून अवयवापर्यंत एकमेकांना जोडता येईल अशा भाषेत लिहायचं काम. त्या भाषेचं नाव सेलएमएल. आजवर पेपरांमध्ये छापून आलेली शेकडो मॉडेलं या भाषेत लिहून फिजिओम मॉडेल रिपॉझिटरीत ठेवली आहेत, कुणीही उतरवून घ्या. ओपनकॉरच्या आतूनच ती यादी उघडते, नाव शोधायचं, फाईल घ्यायची, सिम्युलेशनच्या टॅबवर जायचं. डावीकडे किती वेळ चालवायचं ते आणि खाली सगळे पॅरामीटर, उजवीकडे ग्राफ. एखाद्या पॅरामीटरवर राईट क्लिक करून त्याचा वेळेबरोबरचा ग्राफ मागायचा आणि रन दाबायचं. एवढंच. माझा लॅपटॉप जुना आहे, तरी एका पेशीचे दहा ठोके डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर होतात.

हे किती मोठं आहे ते कळायला मागचं थोडं माहीत हवं. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूतल्या विजेची समीकरणं मांडली तेव्हा हक्सली यांनी हँडल फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर ती सोडवली. डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये तीच पद्धत हृदयात ठोका पसरवणाऱ्या पर्किंजे तंतूला लावली, तेव्हा लंडन युनिव्हर्सिटीकडे होता तो फेरांटी मर्क्युरी कॉम्प्युटर, आणि या तरुण पोराला त्यावर वेळ मिळाली रात्री दोन ते चार. पहाटेच्या त्या दोन तासांत पहिल्यांदा हृदयाच्या पेशीचा ठोका गणितातून उमटला. ते मॉडेलही रिपॉझिटरीत आहे, मी वर्गात आधी तेच चालवते.

नवशिक्यांना मात्र सांगेन की टेन टशर आणि पानफिलोव यांचं २००६ चं मॉडेल घ्या. माणसाच्या व्हेंट्रिकलच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, पेशीचं आहे आणि नावं वाचून समजतात. रन केलं की व्होल्टेज उणे ८५ मिलिव्होल्टच्या आसपास पडून असतं, मग सोडियमची दारं धाडकन उघडतात आणि रेघ सरळ वर, शून्याच्या पार पुढे. मग थोडी खाली येऊन जवळजवळ आडवी चालत राहते, कारण कॅल्शियम आत येतंय आणि पोटॅशियम बाहेर जातंय, दोघांची ओढाताण बरोबरीत. ही आडवी वाट म्हणजेच प्लॅटो, हीच हृदयाच्या पेशीची खासियत, चेतापेशीत ती नसते. शेवटी पोटॅशियम जिंकतं आणि साधारण ३०० मिलिसेकंदांनी रेघ पुन्हा खाली.

आता पॅरामीटरमध्ये बाहेरचं पोटॅशियम शोधा, ५.४ लिहिलेलं असेल. मी तिथे ७.८ टाकलं. हा आकडा टाकताना माझा हात थांबला होता, खोटं कशाला सांगू. रन केलं. पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे खालची रेघच वर सरकलेली, उणे ७६ च्या आसपास. हे फळ्यावरही काढता येतं, नर्न्स्टचं समीकरण घ्या (पेशीच्या आत-बाहेरच्या पोटॅशियमच्या प्रमाणावरून व्होल्टेज काढायचं), आत १३८, बाहेर ५.४ धरलं तर उणे ८६.६ येतात, बाहेर ७.८ केलं तर उणे ७७ च्या जवळ. पण फळ्यावरून पुढचं कळत नाही. पुढचं असं, की सोडियमच्या दारांना उघडण्याचं एक फाटक असतं आणि मागून बंद करणारी वेगळी फाटकं असतात, आणि पेशी विश्रांतीत असतानाच व्होल्टेज वर राहिलं तर ही मागची फाटकं ठोका यायच्या आधीच लागायला लागतात. मॉडेलमध्ये या फाटकांचे आकडे वेगळे दिसतात. मी ते प्लॉट केले. ५.४ ला जेवढी सोडियमची दारं तयार असतात त्यांच्या साधारण तिसरा हिस्साच ७.८ ला तयार उरतात. मग उठाव मंद, उठाव मंद म्हणून एका पेशीतून दुसरीत ठोका जायला वेळ, आणि म्हणून ईसीजीवर क्यूआरएस रुंद. शेवटचा उतारही जास्त घाईचा होतो कारण बाहेरचं पोटॅशियम वाढलं की पोटॅशियमची काही चॅनल्स, म्हणजे पेशीच्या भिंतीतली दारं, उलट जास्त चालतात, आणि टी उंच का होते त्याचं मूळ तिथेच. पोटॅशियम आणखी वाढवत नेलं तर एक वेळ अशी येते की धक्का देऊनही पेशी नीट उठत नाही. सैल पडून थांबलेलं बेडकाचं हृदय हेच होतं, अठराव्या वर्षी जर्नलमध्ये लिहिलेली ती ओळ मला चाळिशीनंतर कळली.

ते पाच मिनिटं बघून मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, अण्णांना शहाळं का चालत नव्हतं ते आज मला दिसलं. तिने गॅस बंद केला आणि माझ्याबरोबर येऊन ग्राफ बघितला, एक शब्द बोलली नाही, फक्त विचारलं, "ही खालची रेघ वर आली तेच ना?" हो आई, तेच.

एक सावधगिरी इथेच लिहिते. आकडा बदलला की पहिलाच ठोका बघून निष्कर्ष काढू नका, काहीशे ठोके जाऊ द्या, पेशीच्या आतलं सोडियम-कॅल्शियम नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. आणि या मॉडेलमध्ये बाहेरचं कॅल्शियम वाढवून "बघा ग्लुकोनेटचा गुण" असं दाखवायला जाऊ नका, वर सरकलेली रेघ त्याने खाली येत नाही. वॉर्डातही कॅल्शियमने पोटॅशियमचा आकडा कमी होत नाहीच, ते हृदयाला तेवढा वेळ सांभाळून धरतं, रक्तातलं पोटॅशियम कमी करायचं काम बाकीच्या औषधांचं आणि डायलिसिसचं.

कॅल्शियमचा ग्राफ मात्र जरूर बघा, मला सगळ्यात सुंदर तोच वाटतो. व्होल्टेजच्या खाली दुसरा ग्राफ लावा, आतल्या मोकळ्या कॅल्शियमचा. विश्रांतीत ते लिटरला मायक्रोमोलच्या दहाव्या हिस्स्याइतकं, म्हणजे नगण्य. ठोका आला की बाहेरून जरासंच कॅल्शियम आत येतं आणि त्या जराशा कॅल्शियमने पेशीतल्या कोठाराची दारं उघडतात, कोठारातून भसकन सुटतं आणि पातळी काही पट चढते. व्होल्टेज आधी, कॅल्शियम मागून. आकुंचन त्याच्याही मागून, पण ते या मॉडेलमध्ये नाही, हे फक्त विजेचं आहे. मुलं इथे हमखास विचारतात की कॅल्शियमचं महत्त्व कळलं कसं, तर मी सिडनी रिंगर यांची गोष्ट सांगते. १८८० च्या दशकात लंडनमध्ये त्यांचं बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात छान चालत होतं, नंतर लक्षात आलं की ते द्रावण डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाण्यात केलं तर हृदय थांबतंय. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हृदयाला चालवत होतं. आज सलाईनच्या बाटलीवर आपण "रिंगर लॅक्टेट" वाचतो ते हेच रिंगर.

फार्मसीच्या मुलांसाठी दुसरा प्रयोग. जी केआर नावाचा पॅरामीटर शोधा, टेन टशरमध्ये ०.१५३ आहे. हे हर्ग चॅनल, प्लॅटो संपवून पेशीला खाली आणणाऱ्यांपैकी एक. तो निम्मा करा, ठोक्याची शेपटी लांबते, ईसीजीवर हेच क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लहर संपेपर्यंतचा वेळ) वाढणं. टर्फेनाडिन नावाची सर्दी-ॲलर्जीची साधी गोळी होती, ती हे चॅनल अडवायची. एरवी यकृतात तिचा लगेच निकाल लागायचा पण सोबत कीटोकोनाझोलसारखं, यकृताचं हे काम अडवणारं बुरशीवरचं औषध असेल तर ती रक्तात साठायची आणि जीवघेणे ठोके सुरू व्हायचे. १९९८ मध्ये अमेरिकेत ती बाजारातून गेली. तिचं यकृतात जे रूप होतं ते फेक्सोफेनाडिन, ते हर्गला असं अडवत नाही, आज आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र देताना ईसीजी काढायला का सांगत होते, त्याचं उत्तरही याच एका आकड्यात आहे.

पण हाच प्रयोग ओ'हारा आणि रुडी यांच्या २०११ च्या मॉडेलवर करा. तेही माणसाच्याच व्हेंट्रिकलचं, आणि शंभराहून जास्त निरोगी मानवी हृदयांवरच्या मोजमापांचा आधार असलेलं. तिथे शेपटी टेन टशरपेक्षा खूपच जास्त लांबते. कारण टेन टशरमध्ये दुसरं हळू पोटॅशियम चॅनल बरंच दणकट धरलंय, ते कमी पडलेलं भरून काढतं. पेशी एकच, अडथळा तेवढाच, आणि दोन मॉडेलांचं उत्तर वेगळं. मुलं गोंधळतात, मला तो गोंधळ हवाच असतो. मॉडेल म्हणजे कुणीतरी मोजमापं घेऊन केलेली मांडणी, कुठलं चॅनल किती दणकट हे त्या मोजमापांवर ठरतं. नव्या औषधांची हृदयासाठी तपासणी कॉम्प्युटरवर करायचा जो आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, सीपा नावाचा, त्यांनी पाया म्हणून ओ'हारा–रुडी घेतलं, आणि तेही हर्गचा भाग औषधांच्या हिशेबाने नव्याने लिहूनच.

रक्तवाहिन्यांकडे आलं की तयार मॉडेलांपेक्षा मी मुलांना स्वतःचं लिहायला लावते, कारण ओपनकॉरमध्ये सेलएमएल साध्या मजकुरासारखं लिहायची सोय आहे आणि वर समीकरण गणिताच्या वहीत दिसतं तसं दिसत राहतं. ओटो फ्रँक यांचं १८९९ चं विंडकेसेल मॉडेल घ्या, महाधमनीतला दाब कसा चढतो-उतरतो ते सांगणारं, एकच समीकरण. आमच्याकडे द्राक्षबागा, त्यामुळे समजवायला सोपं जातं. पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा आपण खालीवर करतो, दट्ट्या मधूनमधून ढकलतो पण नोझलमधून फवारा सलग येतो, कारण मधे हवा दाबून धरणारी कोठी असते. महाधमनी म्हणजे ती कोठी. हृदय ढकलतं तेव्हा फुगते आणि हृदय विसावतं तेव्हा आवळून रक्त पुढे सोडते. आता तिची लवचिकता निम्मी करा, बाकी काहीच बदलू नका. बीपीचा वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. माझ्या आईचं बीपी १७० आणि ७०, शेजारणी म्हणतात खालचं नॉर्मल आहे ना मग काय काळजी, पण ताठरलेल्या धमनीची खूणच ती आहे, दोन आकड्यांतलं वाढलेलं अंतर. हे वर्गातल्या एका मुलाने स्वतः लिहिलेल्या बारा-पंधरा ओळींतून काढून दाखवलं तेव्हा मला फार बरं वाटलं. अर्थात या समीकरणाला वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी माहीत नाहीत, नायट्रिक ऑक्साईड सोडून वाहिनी सैल करणाऱ्या, ज्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. ते पेशींचं काम वेगळ्या मॉडेलमध्ये.

फुप्फुसांसाठी हे कमी कामाचं, हे स्पष्ट सांगते. वायबेल यांनी १९६३ मध्ये मांडलं तसं श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत फांद्यांचे २३ टप्पे, सगळा खेळ आकाराचा आणि जागेचा, आणि ओपनकॉर वेळेबरोबर बदलणारी समीकरणं सोडवतं, त्रिमितीतली जागा नाही. पूर्ण हृदयातून ठोका पसरताना बघायचा असेल तरीही तेच, त्याला चेस्टसारखं (Chaste) दुसरं सॉफ्टवेअर आणि ताकदीचं मशीन लागतं. फुप्फुसाचा एक छोटा प्रयोग मात्र मी करून घेते, दोन वायुकोश, एक लहान एक मोठा, एकाच नळीला जोडलेले. पृष्ठताण दोघांत सारखा ठेवला तर लहान रिकामा होतो आणि मोठा फुगतो. सर्फॅक्टंट (वायुकोशांच्या आतलं, पृष्ठताण कमी करणारं द्रव्य) घातलं, म्हणजे कोश लहान होईल तसा ताणही कमी होऊ दिला, की दोघं टिकतात. ते बनवणाऱ्या टाइप टू पेशी दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळात तयार नसतात, म्हणून आईला आधीच स्टिरॉईडचं इंजेक्शन देतात.

मुलांना सगळ्यात जास्त कटकट वाटते ती युनिटची, आणि मी म्हणेन तेच या भाषेचं मोठं बलस्थान आहे. सेलएमएलमध्ये प्रत्येक आकड्याला युनिट द्यावंच लागतं आणि डावी-उजवी बाजू जुळली नाही की ओपनकॉर ओळ दाखवून सांगतं. मिलिमोल आणि मायक्रोमोलची चूक पेपरात चालून जाते, इथे अडते. इंटरफेस इंग्रजी आहे, पहिले दोन तास कुणीतरी शेजारी बसून दाखवणारं हवं, कॉम्प्युटर लॅब नसेल तर एका लॅपटॉपवर तीन मुलं बसली तरी चालतं.

पाचपैकी साडेचार देते, तो अर्धा फुप्फुसांचा. ज्यांना आजच सुरुवात करायचीय त्यांनी टेन टशर २००६ ची फाईल घ्या, काही न बदलता एकदा चालवा, मग पोटॅशियम ५.४ चं ६, ७, ८ असं एकेक करून वाढवा आणि प्रत्येक वेळी खालच्या रेघेचा आकडा वहीत लिहा. घरात कुणी डायलिसिसवर असेल तर तो कागद त्यांच्याबरोबर बसून बघा, आणि भेटायला येणाऱ्यांना आधीच फोन करून सांगा की शहाळं आणू नका.